रुग्णशय्येपासून सभागृहापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेवेविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी, वक्ता नव्हे. म्हणून सर्वांना परिचित असलेल्या एका नावाच्या आधारे माझे म्हणणे मांडतो.

श्रीमती किशोरी पेडणेकर न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. पुढे शिवसेनेच्या कार्यातून त्या सार्वजनिक जीवनात आल्या. २००२ मध्ये त्या नगरसेविका झाल्या; २०१२ व २०१७ मध्येही निवडून आल्या. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईच्या महापौरपदी त्यांची बिनविरोध निवड झाली.

काही महिन्यांतच कोरोनाचे संकट कोसळले. २७ एप्रिल २०२० रोजी त्या परिचारिकेचा गणवेश परिधान करून नायर रुग्णालयात गेल्या व तेथील परिचारिकांना त्यांनी धीर दिला. कुणाला त्यात देखावा वाटेल. परंतु ज्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या दारात जाण्यास कचरत होता, त्या दिवसांत नगराच्या प्रथम नागरिकाने तो गणवेश आपला मानला, याचे मोल मला मोठे वाटते. पक्षाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. मला त्या प्रवासाविषयी बोलायचे आहे.

रुग्णाची सेवा आणि नगराचा कारभार यांत अंतर आहे, असे आपण समजतो. वस्तुतः केईएम, नायर, शीव व कूपर ही मोठी रुग्णालये महापालिकाच चालवते. आपल्या जोगेश्वरी पूर्वेचे बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालयही तिचेच. १८८८ च्या कायद्यानुसार प्रत्यक्ष कारभार आयुक्तांच्या हाती असतो. मात्र अंदाजपत्रक स्थायी समिती व सभागृहापुढे येते. खाटा किती, औषधे कोणती, परिचारिकांची रिक्त पदे कधी भरणार, हे प्रश्न तेथे विचारता येतात. एका परिचारिकेला रात्रपाळीत किती रुग्ण सांभाळावे लागतात, हे जिने अनुभवले आहे, तिच्या प्रश्नाला वजन असते. कापडाचा पोत हाताला कळतो, नमुन्याच्या पुस्तकाला कळत नाही.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. मुंबईच्या २२७ प्रभागांतही २०१२ पासून तसेच आहे. दार कायद्याने उघडले. आत कोण जाणार, हे घराघरांतून ठरते.

येथेच आपल्या समाजाला माझी नम्र विनंती आहे. रुग्णालयास देणगी देण्यात आपण कधी हात आखडता घेतला नाही. पण सभागृहाचा विषय निघाला की, ‘राजकारण आपले काम नव्हे,’ असे म्हणून आपण बाजूला होतो. दिलेल्या रकमेचा हिशेब आपण चोख ठेवतो. कररूपाने दिलेल्या रकमेचा हिशेब मात्र विचारत नाही. आपल्या लेकी-सुना परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, औषधनिर्मात्या आहेत. त्यांच्यापैकी एखादीने उद्या प्रभागातून उभे राहायचे म्हटले, तर घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम, ‘लोक काय म्हणतील?’ असे विचारू नये. ‘तुझ्याबरोबर प्रचाराला कोण येणार?’ असे विचारावे, आणि उत्तरादाखल स्वतः चपला पायांत घालाव्यात.