जठरांतील दूत व जुनाट दाह



महोत्सवाच्या या दिवसांत आत्म्याच्या हिताविषयीं पुष्कळ बोलणें झालें. आज शरीराच्या एका इंद्रियाविषयीं चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतों. आजाऱ्यांच्या भेटीस गेलों म्हणजे कित्येक घरीं उशाशीं सोड्याची पुडी दिसते. "फादर, थोडी जळजळ आहे, दुसरें कांहीं नाहीं," असें उत्तर मिळतें. हें 'कांहीं नाहीं' वर्षानुवर्षें चालतें, म्हणून त्याचा विचार करणें अवश्य आहे.

जठर ही अन्न सांठविण्याची नुसती पिशवी नव्हे. त्याच्या अस्तरांत अशा सूक्ष्म पेशी विखुरलेल्या आहेत कीं, त्या रक्तावाटे अथवा शेजारच्या पेशींकडे रासायनिक निरोप धाडितात. रक्तावाटे जाणाऱ्या अशा निरोपांस हॉर्मोन किंवा संप्रेरक म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ एडकिन्स यांनीं १९०५ सालीं जठराच्या खालच्या भागांतील अशा एका द्रव्यास 'गॅस्ट्रिन' हें नांव दिलें. तें पुष्कळांनीं खरें मानलें नाहीं. १९६४ सालीं ग्रेगरी व ट्रेसी यांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें करून दाखविलें, तेव्हां शंका फिटली.

व्यवस्था अशी आहे. अन्न पोटांत उतरलें म्हणजे खालच्या भागांतील पेशी गॅस्ट्रिन सोडितात. तें रक्तावाटे वरच्या भागांत पोंचतें. तेथील दुसऱ्या पेशी हिस्टॅमिन सोडितात, आणि त्याच्या प्रेरणेनें आम्ल पाझरूं लागतें. आम्ल पुरेसें झालें कीं तिसऱ्या प्रकारच्या पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून गॅस्ट्रिनास आवर घालितात. एक प्रेरणा देतो, दुसरा आवरतो. यांतच पोटाचें स्वास्थ्य आहे.

अस्तरास जुनाट दाह जडला म्हणजे ही व्यवस्था बिघडते. या दाहाचें सर्वांत मोठें कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं वॉरन व मार्शल यांनीं १९८२ सालीं त्याचा छडा लाविला. लोकांची खात्री पटेना, म्हणून १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतः प्राशन केला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ सालीं त्या उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मुख्य गोष्ट ध्यानीं घ्यावी. दाह खालच्या भागांत असला तर आवर घालणारा सोमॅटोस्टॅटिन उणा पडतो, गॅस्ट्रिन वाढतें, आम्ल वाढतें, आणि लहान आंतड्याच्या आरंभीं व्रण पडण्याचा संभव असतो. दाह वरच्या भागांत पसरला तर आम्ल करणाऱ्या पेशीच नष्ट होऊं लागतात. आम्ल नाहीं म्हणून गॅस्ट्रिन अविरत सुटत राहतें. त्यामुळें हिस्टॅमिनच्या पेशी संख्येनें वाढतात, व क्वचित् त्यांच्या गांठीहि होतात. कित्येकांत हा नाश शरीराचीच संरक्षणशक्ति करिते. मग बी १२ जीवनसत्त्व शोषलें जात नाहीं, अंगांतील रक्त कमी होतें, हातापायांस मुंग्या येतात.

म्हणजे रोगाचें नांव एक, पण एकास आम्ल अधिक तर दुसऱ्यास उणें! बाहेरून हें कळत नाहीं. कित्येकांस तर वेदनाच नसते. सोड्यानें दोघांचाहि रोग मुळापासून जात नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९९४ सालीं या जंतूची गणना कर्करोगाच्या कारणांत केली, हें विसरूं नये.

सुदैवानें श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीनें जंतु ओळखतां येतो, व सामान्यतः १० ते १४ दिवसांच्या औषधांनीं तो बहुधा नाहींसा होतो. मात्र बरें वाटलें म्हणून औषध मध्येंच सोडूं नये. अंगदुखीच्या गोळ्या मनानें घेऊं नयेत. शौचास काळें होणें, रक्ताची वांति, वजन घटणें, चेहरा पांढुरका पडणें यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. आजाऱ्यांवर उपासाचें बंधन नाहीं, हेंहि आम्ही येथें स्पष्ट सांगतों.

शेवटीं घरांतील पुरुषमंडळींस एक विनंति. सर्वांस वाढून मागाहून जेवणारी माउली आपलें दुखणें सांगत नाहीं. तिला विचारा, आणि या महोत्सवाच्या वर्षांतच तिला डॉक्टरकडे घेऊन जा.