बसणे आणि जागा असणे



शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एक फेरी मारा आणि कोण कसे बसले आहे, काय कसे ठेवले आहे, एवढेच पाहा. भाजीवाली उकिडवी बसलेली असते. थकली की फतकल मारते. केळी आडवी मांडलेली, कांद्यांच्या माळा टांगलेल्या, मातीची मडकी उपडी घातलेली. ‘सगळे तिथे आहे’ असे म्हणून व्यवहार भागतो, पण डोळ्यांसमोर काही येत नाही. त्यासाठी उताणे, पालथे, कलते, उभे हे शब्द लागतात.

कॅनडातल्या क्री भाषेत असा भेद थेट क्रियापदातच करावा लागतो. माणूस बसला असेल तर ‘अपिव’, पुस्तक ठेवलेले असेल तर ‘अस्तेव’. मात्र किटली आणि दगड यांना क्री व्याकरण सजीवांत धरते. म्हणून किटलीही माणसासारखी ‘अपिव’, म्हणजे बसते. आपल्याला याचे फार नवल वाटू नये. गोल बुडाची घागर चुंबळीवर ठेवली की आपणही विचारतो, “बसली का नीट?” टेबलावरच्या पुस्तकाविषयी असे कुणी विचारत नाही.

‘अपिव’चा आणखी एक अर्थ आहे : तो तिथे आहे, घरी आहे. ज्याला बसता येते त्याला जागा आहे. आपल्याकडे या गोष्टीला कडू इतिहास आहे. भाटकाराच्या सोप्यावर कुणी बसायचे, पायरीवर कुणी टेकायचे आणि अंगणात कुणी उभे राहायचे, हे जात आणि जमीन ठरवीत असे. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार उभ्याउभ्याच बोलून परते. त्याला त्या घरातून हुसकावता येऊ नये म्हणून 1975 साली कायदा झाला. कायद्याने राहण्याला संरक्षण दिले. पण “बसा” हा शब्द कायद्याने कुणाच्या तोंडी घालता येत नाही; तो माणसानेच माणसाला म्हणावा लागतो.

आज जमिनीवरची बैठक कमी झाली. आदोळीवर एक गुडघा उभा धरून नारळ खवणेही मिक्सरने मागे टाकले. बैठक गेली की तिचा शब्दही जातो. पेडण्यात, डिचोलीत घरोघरी असे शब्द अजून सापडतील. ते जरूर टिपा. मात्र ‘उकिडवे’ या शब्दापुढे नुसता अर्थ लिहून थांबू नका. तसे कोण बसत असे, कुठे, आणि कुणासमोर, हेही लिहा. नाहीतर कोशात शब्द राहील आणि ज्याला कुणी बसा म्हटले नाही, तो माणूस पुन्हा अंगणातच उभा राहील.