गावचे दप्तर : यंत्राची शिस्त आणि माणसाची साक्ष



गावचे दप्तर म्हणजे कागदांची नुसती चळत नव्हे. जमीन कोणाची, तीत पीक कोणते आणि तिच्यावर बोजा कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे बँक, विमा कंपनी, न्यायालय आणि वारस हे सारे तेथेच शोधतात. म्हणून ते अद्ययावत ठेवणे हे एकट्या तलाठ्याचे काम राहत नाही.

लोकांचा विश्वास नसेल तर मोजणी अडते, हा धडा खानदेशाने फार पूर्वी दिला आहे. १८५२ मध्ये सरकारी जमीन मोजणी सुरू होताच शेतसारा वाढेल या धास्तीने सावदा, फैजपूर आणि एरंडोल भागातील रयतेने तिला कडवा विरोध केला. अखेर लष्कर आणावे लागले.

आज दप्तर संगणकावर आले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी ई-पीक पाहणीद्वारे मोबाईलवर स्वतःच पिकाची नोंद करू लागला. यंत्र छायाचित्राचे स्थळ आणि वेळ टिपते, क्षेत्राची बेरीज जुळवते, एकच अक्षर सर्वत्र सारखे उमटवते. हे काम ते न थकता करते.

परंतु यंत्राला समोरचे तेवढेच दिसते. कपाशीच्या ओळींत मूग घेतला आहे, हे एका छायाचित्रात उमटेलच असे नाही. बांधापलीकडचा तुकडा कोण कसतो, हे शेजारी सांगतो. जुन्या हस्तलिखितातील नाव संगणकावर चुकीचे चढले, तर ती चूक यंत्र तितक्याच निष्ठेने जपते. रावेरच्या केळी उत्पादकाच्या उताऱ्यावर केळीची नोंदच नसेल, तर वादळानंतर भरपाई मागताना त्याला हेलपाटे घालावे लागतात.

म्हणूनच कायद्याने माणसाची साक्ष मध्ये ठेवली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये फेरफाराची वर्दी आल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्यास अवधी मिळतो आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा मार्ग कलम १५५ मध्ये आहे.

या व्यवस्थेचे यश तीन गोष्टींवर अवलंबून आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी नोंदींचे चावडीवाचन आग्रहाने घडवून आणावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना सातबारा वाचण्यास शिकवावे, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. अधिकाऱ्यांनी आलेली हरकत अडथळा न मानता दप्तराची दुरुस्ती मानावी.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील प्रत्येक खातेदाराने हंगाम संपण्यापूर्वी आपला उतारा एकदा स्वतः वाचावा. चूक त्या वेळी सापडली तर एका अर्जाने सुटण्याचा संभव असतो. तीच पुढच्या पिढीच्या हाती गेली तर दाव्याचे कारण ठरते.