निवडणूक आणि दुधाचा भाव

निवडणूक तोंडावर आली की शासनाला अनुदान देणे सोपे जाते आणि व्यवस्था बदलणे अवघड होते. महाराष्ट्रात २०२४ साली गायीच्या दुधाबाबत हेच घडले. दूध भुकटी व बटरचे भाव उतरले आणि खरेदीदर कोसळले. ११ जानेवारी ते १० मार्च या काळात लिटरमागे ५ रुपये अनुदान मिळाले, मग थांबले. जुलैमध्ये अकोले तालुक्यातील कोतूळ येथे दूध उत्पादकांनी धरणे धरले. त्या महिन्यापासून ३० रुपये किमान दर आणि ५ रुपये अनुदान ठरले. १ ऑक्टोबरपासून अनुदान ७ रुपयांवर गेले, पण किमान दर २८ वर आला. उत्पादकाच्या पदरात ३५ रुपयेच राहिले. दूध संघ व खासगी डेअऱ्यांवरील २ रुपयांचा भार तेवढा तिजोरीवर आला. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले.



अनुदानासाठी गायीच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याची नोंद सक्तीची होती. दूध मोजणाऱ्या यंत्रावर मात्र तशी करडी नजर नाही. संकलन केंद्रावर दुधाचा नमुना तपासला जातो, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश वगळता इतर घन घटक) यांपेक्षा कमी भरला की दर कापला जातो. यंत्र खरेदीदाराचे आणि पावतीही त्याचीच. खरी सुधारणा इथून सुरू व्हायला हवी, कारण तिला पैसा कमी आणि धैर्य अधिक लागते.

उत्पादकांची आणखी एक मागणी उसाप्रमाणे एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) व महसुली वाटणीची आहे. उसाचे पैसे १४ दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन आहे. राज्याच्या २०१३ च्या कायद्यात साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाट्याचे सूत्र आहे. दुधाला ते जसेच्या तसे लागू होणार नाही. ऊस हंगामात एकदा तुटतो, दूध रोज दोन वेळा निघते आणि भुकटीचा भाव जागतिक बाजारावर हलतो. त्यामुळे दराचा आढावा ठरावीक मुदतीने घ्यावा लागेल, आणि राज्यातील बहुतांश दूध घेणाऱ्या खासगी डेअऱ्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणावे लागेल.

अडचण राजकीय आहे. दूध संघ व डेअऱ्या चालवणारी अनेक घराणी निवडणुकाही लढवतात, तर शहरी ग्राहकाला पिशवीचा भाव वाढलेला नको असतो. म्हणून असा कायदा होण्याची शक्यता मतदानानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच अधिक असते. मसुदा मात्र उत्पादकांनी त्याआधी तयार ठेवला पाहिजे.