इंग्रजी बोलण्याची भीड



इंग्रजी कसे शिकावे हे सांगणारी विद्वान मंडळी अमरावतीत पुष्कळ आहेत. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले; तेव्हा व्याकरणावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. चार शब्द येत असूनही, लोक काय म्हणतील या धास्तीने माणूस मुका का होतो, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम आमच्याच चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कामगाराची चौकशी चालली होती. चालू यंत्र सोडून गेल्याचा आरोप होता, आणि तो खोटा होता. संघटनेच्या वतीने आम्ही त्याच्या शेजारी बसलो होतो. चौकशी अधिकारी परप्रांतातले. सारे कामकाज इंग्रजीत. त्यांनी विचारले, "यू डिड नॉट लीव्ह द मशीन?" गडी तत्परतेने म्हणाला, "येस सर."

आता गंमत पाहा. 'तू यंत्र सोडून गेला नाहीस ना?' असे मराठीत विचारले, तर 'हो' म्हणजे 'बरोबर, गेलो नाही.' इंग्रजीचा रिवाज उलटा. तिथे प्रश्न कसाही फिरवून विचारा, गेला नसेल तर 'नो' म्हणायचे. 'येस' म्हटले की गेलाच! कागदावर कबुलीजबाब उमटला. हा फरक आम्हांला ठाऊक होता, चूक तत्क्षणी कानाला खटकली होती. तरी आम्ही गप्प बसलो. 'ही सेज' म्हणावे की 'ही सेड' याचा मनात घोळ चालला, साहेब हसतील असे वाटले, आणि तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. गड्याने खाली सही केली. 'मराठीत विचारा' म्हणणेही त्याच्या जिवावर आले, कारण त्यात अडाणीपणाची कबुली आहे असे त्याला वाटले. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड आमची आणि पगार त्याचा कापला गेला.

वास्तविक मराठी मागण्यात लाजण्याजोगे काय होते? मालकाने स्थायी आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही फलकावर लावावेत, असे 1946 च्या कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट लिहिले होते. पण कलम पाठ असून भागत नाही, ते चारचौघांत उच्चारावे लागते.

आणि ही भीड एकट्या इंग्रजीची म्हणावी, तर तसेही नाही. आमचा वऱ्हाडी माणूस पुण्यास गेला की 'मले-तुले' गिळून टाकतो. 'डोया' ओठांवर आलेला असताना घाईने 'डोळा' म्हणतो. ती तर मायबोलीच ना! म्हणजे धाक भाषेचा कमी आणि समोरच्या खुर्चीचा जास्त. शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना हा धाक कधी शिवला नाही. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. मुंबईच्या श्रोत्यांपुढेही ते आपल्या वऱ्हाडीत कीर्तन करीत, सवाल टाकीत, आणि शिकलेल्या माणसांकडून उत्तर काढून घेत. समोरच्याला काय सांगायचे आहे यावरच ज्याचे सारे लक्ष, त्याला आपण कसे दिसतो हे पाहायला सवड कुठली?

गाडगेबाबांचे बळ आम्हां सामान्यांत नाही, म्हणून आम्ही संघटनेच्या खोलीत रविवारी संध्याकाळी बैठक सुरू केली. पहिल्या बैठकीत कळले की सर्वांत मोठ्याने हसणारे साहेब नव्हेत, आपलेच भाऊ आहेत! एकाने 'ही गो' म्हटले की दुसऱ्याचे दात दिसायचे. आणि हसणाऱ्याला स्वतः उभे केले की घाम फुटायचा. मग एकच नियम केला : बोलणाऱ्याचे वाक्य पुरे होईपर्यंत कोणी हसायचे नाही, दुरुस्तही करायचे नाही. दुसरे असे की आम्ही कथा-कविता घेतल्या नाहीत, चौकशीच घेतली. एक जण साहेब, एक जण आरोपी, एक जण लिहून घेणारा. 'मला समजले नाही', 'पुन्हा विचारा', 'मी म्हणालो तसे लिहा' ही तीन वाक्ये इंग्रजीत घोटली, आणि नुसते 'येस' किंवा 'नो' म्हणण्यास बंदी घातली. संपूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे : 'आय डिड नॉट लीव्ह.'

आम्हांला स्वतःला धीर आला तो मात्र दिल्लीस, निरनिराळ्या प्रांतांतल्या कामगार प्रतिनिधींच्या एका सभेत. बंगाली गृहस्थांचे इंग्रजी बंगाली वळणाचे, मद्रासकडच्यांचे तमिळ वळणाचे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आमच्या तोंडी एकच. तिथे कोणी कोणाचे उच्चार मोजले नाहीत. महागाई भत्त्याचा आकडा तेवढा मोजला. खरे सांगायचे तर आमचे भाषण सदोष झाले. जेवताना एका केरळी प्रतिनिधींनी त्यातल्या आकड्यांचा कागद मागून घेतला.

मागल्या वर्षी पुन्हा एक चौकशी लागली. या वेळी आरोपी होता बैठकीतला एक तरुण, आठवीपर्यंत शिकलेला. त्याचे संपूर्ण उत्तर गाळून टंकलेखकाने नुसते 'येस' उमटवले. पोराने पडद्याकडे बोट केले. "सर, आय से नो. यू राइट येस. प्लीज राइट माय फुल आन्सर." एका वाक्यात 'सेड' चुकले, दुसऱ्यात 'रोट' चुकले. आम्ही शेजारीच होतो. अधिकाऱ्यांनी टंकलेखकाकडे पाहिले, आणि ती ओळ खोडून पुन्हा लिहिली गेली.