शिबिर उठल्यावर गोळी कोण देणार?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, हात चालू द्या आणि कान इकडं द्या.

आज आम्ही फुकटच्या दवाखान्यांबद्दल बोलणार आहोत. म्हणजे देवस्थानचा ट्रस्ट, ख्रिस्ती मिशन, मशिदीची कमिटी, एखाद्या महाराजांचं मंडळ, यांची जी आरोग्य शिबिरं होतात आणि जे दवाखाने चालतात, त्यांच्याबद्दल. आपल्यातली एक बाई अशी सापडायची नाही जिनं शिबिरातली लाल गोळी घरी आणली नाही, किंवा सासूला मोतीबिंदूच्या गाडीत बसवून दिलं नाही. या लोकांना नावं ठेवायला आम्ही आज बसलेलो नाही. पण आमच्या ग्रामसंघात एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात चूक आमचीही आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात मंदिराच्या सभामंडपात शिबिर झालं. मंडप आम्ही दिला, चहा आम्ही केला, घरोघरी निरोप आम्हीच दिला. शहरातून आलेले डॉक्टर चांगले होते. दिवसभर बसले, कुणाला हडतूड केलं नाही. आमच्या गटातल्या एका ताईंचं बीपी खूप वाढलेलं निघालं. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, रोज खुरपायला जाणारी बाई, कधी दुखलं-खुपलं म्हणून झोपलेली आम्ही पाहिली नाही. त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि कागदावर पुढं काय करायचं तेही लिहून दिलं. लिहिलं इंग्रजीत. ताईंनी पंधरा दिवस नेमानं गोळी घेतली, डोकं जड व्हायचं ते थांबलं, गोळ्या संपल्या, ताई म्हणाल्या, "झालं बरं." कागद देवघराच्या फळीवर ठेवला. तो तिथंच राहिला.

सहा-सात महिन्यांनी एका पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

त्या शिबिराचे फोटो आमच्याकडं आहेत. बॅनर, पाहुण्यांचा सत्कार, आम्ही सगळ्या एका रंगाच्या साडीत. पण कुणाचं बीपी निघालं, कुणाची साखर निघाली, कुणाला किती दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, याची यादी आमच्याकडं नव्हती. बचतीच्या दहा रुपयांचा हिशेब आम्ही वहीत लिहितो, चुकला तर रात्र जागतो. आणि हे लिहायचं आम्हाला सुचलं नाही.

बीपीचं एक सांगून ठेवतो. तापाची गोळी ताप गेला की थांबवतात, बीपीच्या गोळीचं तसं नसतं. बीपी वाढलं तरी पुष्कळदा काहीच कळत नाही, डोकं दुखेलच असं नाही. गोळी चालू आहे तोवर ते आटोक्यात असतं. बरं वाटतंय ते गोळीमुळं वाटतंय. म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय ती सोडायची नाही. या गोळ्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, बीपी उपकेंद्रातही मोजतात. आमच्या ताईंचं उपकेंद्र त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

आता जामखेडचं सांगतो. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले. दोघं श्रद्धेनं ख्रिस्ती, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढं अमेरिकेत जाऊन शिकून परत आलेले. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. मनात आणलं असतं तर मोठं हॉस्पिटल बांधून फुकट औषध वाटत बसले असते, आणि लोकांनी त्यांना देवही म्हटलं असतं. पण त्यांच्या लक्षात आलं की आज बरं करून पाठवलेलं लेकरू महिन्याभरानं तोच जुलाब घेऊन परत येतंय. कारण पाणी तेच, उपास तोच.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरची, शहरातली पोरगी, तिच्याशी गावातल्या बाया मोकळं बोलेनात. मग गावातल्याच पुढाऱ्यानं सुचवलं की गावचीच बाई का शिकवत नाही? तिथून पुढं गावानं निवडलेल्या बाया जामखेडला शिकायला येऊ लागल्या. त्यातल्या पुष्कळ जणींना अक्षर ओळखता येत नव्हतं. कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला यायचं, मुक्काम करायचा, एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. ज्या काळात एकीच्या हातचं पाणी दुसरी पीत नव्हती त्या काळातली ही गोष्ट आहे. बोअर घेताना त्या दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे मग सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथंच यावं लागलं. हे आम्हाला फार आवडतं. भाषण न करता केलेलं काम आहे.

या बायांनी केलं काय? गरोदर बाईनं पोट भरून खावं, मूल मोठं होऊन अडकेल म्हणून उपाशी राहू नये, हे दारोदार जाऊन सांगितलं. नाळ स्वच्छ पात्यानं कापायला शिकवली. जुलाबात पोराचं पाणी बंद करायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं, हे करून दाखवलं. सुरुवातीला त्या भागात जन्मलेल्या हजार लेकरांमागं १७६ लेकरं वर्षाच्या आत जात होती. १९९० नंतरच्या काळात तो आकडा तिसाच्या आत आला. १७६ म्हणजे दर सहा पाळण्यांतला एक रिकामा. तुमच्या आजीला विचारा, तिची किती गेली ते.

१९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि कितीतरी देशांतले डॉक्टर, नर्स, मिशनची माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली. शिकवायला कोण? याच बाया. १९८८ साली त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडं बोट दाखवून त्यांनी सांगितलं की मोठे डॉक्टर या झुंबरासारखे असतात, देखणे पण महाग आणि लांब. मग साधा दिवा दाखवून म्हणाल्या की आम्ही अशा आहोत, पण या दिव्यावर दुसरा दिवा लावता येतो. आपल्यासारख्याच एका बाईनं हे तिथं जाऊन सांगितलं. आम्ही बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "तिला विमानात भ्या नाही वाटलं का गं?" वाटलं असेलच की.

आमच्या ताईंच्या गोष्टीत नेमकी ही बाई नव्हती. शिबिर उठल्यावर गावात राहणारी, गोळी संपली का विचारणारी. आता तुम्ही म्हणाल, आशाताई आहेत ना? आहेत. पण त्या शिबिराची यादी आशाताईंना दिलीच नव्हती. शिबिरवाल्यांनी दिली नाही, आम्ही मागितली नाही.

आता धर्माचा विषय. तो टाळला तर हे बोलणं अर्धवट राहील. दुसऱ्या एका शिबिराच्या वेळी आमच्या बैठकीत चांगलीच जुंपली. ते शिबिर दुसऱ्या धर्माच्या संस्थेचं होतं. काही जणी म्हणाल्या, आम्ही येणार नाही, औषध देतील आणि पाठीमागून काहीतरी गळ्यात घालतील. एका काकूंनी उत्तर दिलं, "माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालं. आली, आणि दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घातलं." मिरजेचा तो दवाखाना डॉ. विल्यम वानलेस या परदेशी मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली उघडला. जागा मिरज संस्थानच्या राजानं दिली होती. म्हणजे राजा हिंदू, डॉक्टर ख्रिस्ती आणि रुग्ण सगळ्या जातीधर्मांचे. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं त्याचं मूळ तिथं आहे. आणि आज शिर्डीच्या साई संस्थानच्या रुग्णालयात किंवा शेगावच्या गजानन महाराज संस्थानच्या दवाखान्यात कोण कुठल्या देवाचा ते विचारून केसपेपर काढत नाहीत.

तरी त्या बायांची भीती खोटी म्हणून आम्ही उडवून लावली नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि आजारी माणूस फार गरजवंत असतो. म्हणून आमच्या ग्रामसंघानं ठरवलं की कुणी श्रद्धेपोटी सेवा करत असेल तर आपण हात जोडायचे. प्रार्थना, प्रवचन, आरती चालू असेल आणि बसावंसं वाटलं तर बसावं. पण बसल्याशिवाय चिठ्ठी नाही, नाव नोंदल्याशिवाय गोळी नाही, अशी अट दिसली तर तिथून सगळ्यांनी मिळून उठायचं, मग ती संस्था आपल्या देवाची का असेना. ठराव वहीत आहे. त्यावर सह्या करायला दोघीजणींनी नकार दिला, त्यांच्या मते हे फार झालं. असू दे.

परत त्या पहाटेकडं येतो. घरच्यांनी आधी तेल लावून अंग चोळलं, मग अंगारा झाला, मग गाडी शोधली. सकाळ झाली. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब १०८ ला फोन लावायचा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचा फोटो काढावा लागतो. आमचे तास तेलात गेले.

शहरातल्या ज्या दवाखान्यात नेलं तो एका ट्रस्टचा. बाहेर देवाचं नाव, आत देवाची मूर्ती. खिडकीवर सांगितलं, आधी पन्नास हजार भरा. पोरगा रडकुंडीला आला. आम्ही गटाच्या पेटीतून काढले, दोघींनी शेळ्या विकल्या, बाकी सावकाराकडून. नंतर कळलं की हे पैसे तसे मागायलाच नको होते.

हे नीट ऐका, पाहिजे तर पोरीला लिहून घ्यायला सांगा. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना आपल्या राज्यात कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे, आणि २००६ सालापासून मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेली योजना आहे. अशा रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत ठेवायच्या आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. घरचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, त्याच्या वर ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, दारिद्र्यरेषेचं कार्ड, यातलं जे असेल ते दाखवायचं. आणि जीवावरचा प्रसंग असेल तर अनामत रक्कम मागता येत नाही, आधी दाखल करून घ्यावं लागतं. खिडकीवर वाद घालत बसू नका. रुग्णालयातला समाजसेवक कुठं बसतो ते विचारा आणि त्याला सांगा, "धर्मादाय योजनेतली खाट पाहिजे." तिथं ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते.

ही दया नाही, बायांनो. त्या ट्रस्टना धर्मादाय म्हणून सवलती मिळतात, त्या बदल्यात त्यांनी हे करायचं आहे. आमच्या ताईंच्या वेळी हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं, आणि आमच्यात दोघी बी.ए. झालेल्या आहेत.

त्यानंतर आम्ही उत्पन्नाचे दाखले काढून ठेवायचा एक महिना पाळला. गटातल्या सगळ्या घरांचे दाखले एकदम, तहसीलला दोन फेऱ्यांत. दाखल्याची मुदत संपते, म्हणून तारीख बचतीच्या वहीत मागच्या पानावर लिहिली.

आणि शिबिर मागायला कुणी आलं की आता आम्ही आधी बसवून चहा देतो आणि विचारतो. गोळ्या किती दिवसांच्या देणार? त्या संपल्यावर कुठं जायचं? कागदावर मराठीत लिहाल का? डोळ्याचं ऑपरेशन केलं तर परत तपासायला तुम्ही येणार की आम्ही यायचं, आणि गाडीभाडं कुणाचं? ज्याचं बीपी, साखर निघेल त्याला विचारून त्याचं नाव आशाताईंना देणार का? एका मंडळाचे लोक यावर नाराज होऊन उठून गेले. म्हणाले, फुकट देतोय आणि वर परीक्षा घेता. दुसरे आले, त्यांनी सगळं मान्य केलं आणि तीन महिन्यांनी परत येऊन तीच नावं तपासली. त्या दुसऱ्यांना आम्ही या वर्षी पुरणपोळी खाऊ घातली.

आमच्या वहीत आता सव्वीस नावं आहेत बीपीची आणि अकरा साखरेची. दर महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की एकेकीला विचारतो, गोळी आहे का घरात? सुरुवातीला बाया लाजायच्या, आता स्वतःच पाकीट काढून दाखवतात. ज्यांना चारचौघींत सांगायचं नसतं त्या नंतर थांबतात.

आमच्या ताई आता काठी घेऊन बैठकीला येतात. बोलणं अर्धं परत आलंय. डाव्या हातानं अंगठा करतात आणि गोळीचं पाकीट सगळ्यांच्या आधी पुढं करतात. सावकाराचे अजून नऊ हजार राहिलेत, ते गट मिळून फेडतोय.

तुमच्या गावात पुढचं शिबिर कधी आहे ते बघा, आणि त्याच्या आदल्या दिवशी एक कोरी वही आणून ठेवा.