बंद गाडीचा ड्रायव्हर
(शारदीय व्याख्यानमाला, मुलुंड : तिसरे पुष्प)



मघाशी चहाच्या रांगेत एका काकूंनी मला गाठलं. त्यांची लेक फ्रँकफर्टला असते. रविवारचा महाएपिसोड मायलेकी एकाच वेळी बघतात, फोन कानाला लावून. सासूचं चुकलं की सुनेचं, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. गेल्या रविवारी लेकीच्या टीव्हीवर पाटी आली, ‘हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही.’ जावई म्हणाले, व्हीपीएन घेऊया. काकूंचा प्रश्न असा की, मग मीही ते घेतलं तर माझ्या बँकेतल्या पैशांना कोणी हात लावणार नाही ना?

आधी या बँकेच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते छोटं आहे. लावेल. आपण स्वतःच्या तोंडाने ओटीपी सांगितला, तर जगातलं कुठलंही व्हीपीएन आडवं येत नाही. उलट बँकांची काही अ‍ॅप्स व्हीपीएन चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात.

आता व्हीपीएन हे प्रकरण काय आहे ते बघू. आपल्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं. कोण आलं, कुठल्या फ्लॅटमध्ये, किती वाजता. घरात काय बोलणं झालं ते वॉचमनला कळत नाही, पण कोण येतं-जातं ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. इंटरनेटवर हा वॉचमन म्हणजे आपला ब्रॉडबँडवाला. नव्वदच्या दशकात ज्याने गच्चीवरून गच्चीवर केबल टाकली, पुष्कळ ठिकाणी तोच आज फायबर घेऊन आला आहे. साइटचा पत्ता ‘https’ ने सुरू होत असेल तर तुम्ही काय वाचलंत ते त्याला दिसत नाही, पण कुठल्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळतं.

व्हीपीएन घेतलं की तुम्ही रोज काळ्या काचांच्या एकाच बंद गाडीतून बाहेर पडता. वॉचमनला गाडी दिसते, वेळ दिसते. तुम्ही कुठे उतरलात ते दिसत नाही. ते ड्रायव्हरला ठाऊक असतं. पहारा संपला असं जाहिराती सांगतात. खरं तर रजिस्टर वॉचमनच्या हातून ड्रायव्हरच्या हातात गेलं, एवढंच झालं. आणि ज्याच्या दारात उतरलात तिथे आपल्याच नावाने लॉगिन केलंत, तर काळ्या काचांचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, मला कुठे काय लपवायचंय? घाटकोपरच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. त्यातला एक रात्री दीडला पांघरुणाखाली फोन धरून बायोप्सीच्या रिपोर्टमधला एक शब्द शोधत असतो. त्याने काही गुन्हा केलेला नाही. पण ही गोष्ट कोणाला कधी सांगायची, ते त्याचं त्याने ठरवायचं असतं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो अशाही माणसासाठी आहे.

आता काकूंचा महाएपिसोड. ती पाटी का आली? आपल्यातल्या जुन्या मंडळींना लॅमिंग्टन रोडची नाझ बिल्डिंग आठवत असेल. सिनेमाचे वितरक तिथे बसत आणि देश टेरिटरींमध्ये वाटून घेत. बॉम्बे टेरिटरी एकाची, सी.पी. बेरार दुसऱ्याची. म्हणजे एकाच महाराष्ट्रात दादर आणि नागपूरला त्याच सिनेमाचे मालक वेगळे! याची रिळांची पेटी त्याच्या हद्दीत लागली की भांडण. सिनेमाची पेटी गेली, पण टेरिटरी गेली नाही. आयपीएलचे 2023 ते 2027 चे हक्क विकले गेले तेव्हा भारतीय उपखंडात टीव्हीवर दाखवण्याचे 23,575 कोटी आले आणि मोबाइल-इंटरनेटवर दाखवण्याचे त्याहून जास्त, 23,758 कोटी. परदेशांचे हक्क पुन्हा वेगळे विकले. ज्याने जर्मनीचे पैसे भरलेले नाहीत, तो जर्मनीत दाखवू शकत नाही. मालिकांचंही तेच.

साइटला तुमचा देश कसा कळतो? गाडीच्या नंबरप्लेटवरून, म्हणजे आयपी पत्त्यावरून. लेकीने मुंबईची पाटी असलेली गाडी पकडली की ती अंधेरीतच बसली आहे असं साइटला वाटतं. पण साइटवालेही खुळे नाहीत. नेटफ्लिक्स 6 जानेवारी 2016 रोजी भारतासह 130 देशांत उघडलं आणि आठवडा-दीड आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, अशा वाटेने येणाऱ्यांना आता अडवणार. एकाच नंबरच्या गाडीतून शेकडो माणसं उतरताना दिसली की तो नंबर काळ्या यादीत जातो. त्यामुळे आज चाललेलं व्हीपीएन पुढच्या रविवारी चालेलच असं नाही. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे सहसा गुन्हा नाही, पण अशी हद्द ओलांडली तर वाहिनीच्या अटी मोडतात, आणि त्या अटींवर आपणच न वाचता ‘मान्य’ दाबलेलं असतं.

मुंबईच्या पाटीची तर वेगळीच गंमत आहे. समुद्राखालून येणाऱ्या कितीतरी इंटरनेट केबल इथे वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, कोळीवाडा जवळच. जगाचं इंटरनेट जिथे जमिनीवर पाऊल ठेवतं तिथून मोठमोठ्या व्हीपीएन कंपन्या मात्र आपली यंत्रं घेऊन निघून गेल्या. 28 एप्रिल 2022 रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या संस्थेने आदेश काढला : व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा कशासाठी घेतली ते नोंदवायचं, आणि गिऱ्हाईक सोडून गेलं तरी पाच वर्षं जपायचं. (आपल्या गेटवरच्या रजिस्टरमधला ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना आठवा.) ऑफिसच्या कामाची व्हीपीएन यातून वगळली, म्हणून सीप्झमधल्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना फरक पडला नाही. पण एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यांतल्या काही आजही यादीत ‘इंडिया’ दाखवतात. गाडी सिंगापुरात उभी, पाटी एमएच-०२ ची!

मला हा आदेश पटलेला नाही. सायबर चोर पकडायला हवेत, ठीक आहे. पण प्रत्येक प्रवाशाचं नाव पाच वर्षं साठवलं की चोरांसाठी एक नवी तिजोरी तयार होते.

मग ड्रायव्हर निवडायचा कसा? त्याचा पगार कोण देतं ते विचारा. फेसबुकने 2013 मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं फुकट व्हीपीएन ‘तुमची माहिती जपतो’ म्हणायचं आणि लोक कुठली अ‍ॅप्स वापरतात ते मालकाला कळवायचं. 2018 मध्ये अ‍ॅपलने ते दुकानातून काढायला लावलं. 2015 मध्ये होला या दुसऱ्या फुकट सेवेचं बिंग फुटलं : ती गिऱ्हाइकांचीच इंटरनेट जोडणी तिसऱ्याला विकत होती. म्हणजे तुमची गाडी, तुमचं पेट्रोल आणि आत अनोळखी माणूस.

पैसे मोजले म्हणजे सुटलो, असंही नाही. ‘सर्वोत्तम दहा व्हीपीएन’ अशा याद्या वाचून आपण निवडतो. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने 2021 मध्ये अशा याद्या देणाऱ्या साइट्स विकत घेतल्या, आणि त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएनही. मुलीकडचा मध्यस्थ आणि मुलाकडचा मध्यस्थ एकच, असं हे स्थळ!

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ हे सगळेच म्हणतात. त्याची परीक्षा पोलीस दारात आल्यावर होते. स्वीडनच्या मुलवाड कंपनीत एप्रिल 2023 मध्ये पोलीस झडतीचा हुकूम घेऊन आले आणि रिकाम्या हातांनी गेले, कारण द्यायला काही नव्हतंच. ही कंपनी गिऱ्हाइकाचं नाव किंवा ईमेल घेत नाही. एक आकडा देते आणि महिन्याचे पाच युरो घेते. पाकिटातून नोटा पाठवल्या तरी चालतं. पण लेकीला मराठी मालिका दाखवण्यासाठी ती फारशी उपयोगाची नाही. जपणारा ड्रायव्हर आणि हद्द ओलांडून देणारा ड्रायव्हर ही दोन वेगळी माणसं असतात; जाहिरातीत मात्र दोघांचा एकच फोटो लावतात.

तेव्हा काकू, लेकीला आधी एवढंच विचारायला सांगा, त्या वाहिनीचं अधिकृत अ‍ॅप जर्मनीत मिळतं का आणि वर्षाचे किती. कदाचित ते व्हीपीएनपेक्षा स्वस्त पडेल. स्टेशनवरच्या किंवा विमानतळावरच्या फुकट वाय-फायवर बसणार असाल, तर पैसे देऊन घेतलेलं व्हीपीएन जरूर चालू करा. घरी मी स्वतः ते बंद ठेवतो.

मागून चिठ्ठी आली आहे : ‘तुम्ही कुठल्या कंपनीचं वापरता?’ ते मी सांगणार नाही. सांगितलं, तर त्या कंपनीने मला किती दिले हा प्रश्न तुमच्या मनात यायला हवा, आणि त्याचं उत्तर पटवून द्यायला आता घंटेआधी दोनच मिनिटं उरली आहेत.